गाईला बारा गुंठे

मराठीत 'परवडणे' हे क्रियापद दोन अर्थांनी वापरले जाते. एखादी वस्तू घेण्याइतके पैसे घेणाऱ्याच्या गाठीला असले, तर ती त्याला परवडली असे म्हणतात. आणि घेतलेल्या वस्तूने आपला खर्च आपणच भरून काढला, तर तो धंदा परवडला असे म्हणतात. चप्पल किंवा सिनेमाचे तिकीट यांच्यापुरता पहिला अर्थ पुरतो, परंतु शेतजमिनीच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरावे लागतात, आणि बंगळुरूच्या आसपास ते तसे खरे ठरतील अशा आशेने दर शनिवारी सकाळी मोटार काढून शहराबाहेर पडणारा जो एक वर्ग अलीकडे तयार झाला आहे, तो प्रस्तुत लेखाचा विषय होय. सोयीसाठी या वर्गातील व्यक्तीस येथे 'भूशोधक' म्हटले आहे. दोन एकर जमीन, तीत नाचणी आणि पावटा, बांधावर आंब्याची दहा-बारा झाडे, दावणीला दोन गाई, पाच शेळ्या आणि परसात हेब्बाळच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या, महाराष्ट्रातही ओळखीच्या असलेल्या गिरिराज कोंबड्या, एवढीच त्याची मागणी असते आणि ती माफक आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

यातील मराठी भूशोधकाने या शहरात जमिनीची चौकशी करताना बुजून जाण्याचे ऐतिहासिकदृष्ट्या काही कारण नाही. १६३८ मध्ये आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याने केंपेगौडा घराण्याकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्याकडे जहागीर म्हणून आले. पुढे ते त्यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांच्या ताब्यात गेले, आणि तंजावरला बसून इतक्या लांबची मालमत्ता सांभाळणे जड जाते हे ध्यानी आल्यावर, परगावी स्थायिक झालेला कोणताही वारस जे करतो तेच त्यांनीही केले, म्हणजे गिऱ्हाईक पाहिले. म्हैसूरचे चिक्कदेवराज वोडेयर यांच्याशी ३ लाख रुपयांना सौदा ठरला. पण तो पुरा होण्याआधीच १६८७ मध्ये मोगल फौजेने शहर काबीज केले आणि त्याच वोडेयरांना त्याच ३ लाखांना देऊन टाकले. बोलणी एकाशी व्हावीत आणि पैसे भलत्यालाच मोजावे लागावेत, ही या भागातील जमीन व्यवहारांची परंपरा किती जुनी आहे, हे यावरून कळते. आज भाड्याचे घर घेताना दहा महिन्यांचे भाडे अनामत ठेवण्याचा येथील रूढ रिवाज पाळला, तर महिना ३० हजारांच्या घराची अनामत बरोबर ३ लाख होते, म्हणजे एके काळी ज्या रकमेत अख्खे शहर, किल्ला आणि तळी यांसह मिळत होते, त्या रकमेत आता त्या शहरात नुसते दार उघडून मिळते.

मधल्या काळात कायद्याने या विषयाला विशेष रंगत आणली. कर्नाटक जमीन सुधारणा कायदा, १९६१ मधील कलम ७९-अ प्रमाणे, शेतीबाहेरचे वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे असणाऱ्यास शेतजमीन घेण्यास मनाई होती. ही मर्यादा २ लाख रुपये होती आणि २०१५ मध्ये ती २५ लाख करण्यात आली. कलम ७९-ब प्रमाणे, मुळात जो शेतकरीच नाही त्यालाही ती मनाई होती. परिणामी ज्याला जमीन परवडे त्याला कायदा आडवा येई, आणि ज्याला कायदा आडवा येत नसे त्याच्यापाशी जमिनीपुरते पैसे नसत. आपण शेतकरी आहोत हे दाखवण्यासाठी त्या काळी अनेकांनी गावाकडचे सातबारे उकरून काढले, तेव्हा चौदा सहहिस्सेदारांच्या नावांखाली कोठेतरी तीन गुंठे जिरायत आणि विहिरीतील अठ्ठाविसावा हिस्सा हाती लागून, संगणकासमोर आयुष्य घालवलेली माणसे एका दुपारीत भूमिपुत्र झाली. २०२० मध्ये ही कलमे वगळण्यात आली आणि तीही १ मार्च १९७४ पासूनच वगळल्याचे धरण्यात आले. त्यामुळे ज्यांची प्रकरणे लोंबकळत होती ते सुटले, आणि ज्यांनी इतकी वर्षे कायदा इमानाने पाळला त्यांच्या पदरी वाढलेले भाव पडले.

विकत घेणे झेपत नसेल तर जमीन खंडाने का करू नये, असा प्रश्न येथे कोणत्याही सरळ माणसाच्या मनात येईल. त्याचेही उत्तर त्याच कायद्यात आहे. देवराज अर्स यांच्या कारकिर्दीतील १९७४ च्या दुरुस्तीने कुळांच्या ताब्यातील जमिनी सरकारात जमा होऊन कसणाऱ्यांना मिळण्याची वाट मोकळी झाली, आणि सैनिक, नाविक असे मोजके अपवाद सोडून शेतजमीन यापुढे खंडाने देण्यालाच कलम ५ ने बंदी घातली. जमीनदाराच्या जाचातून कुळाला सोडवणारी ही तरतूद तिच्या काळी फार मोठी होती; परंतु 'जमिनीला कूळ लागेल' हे भय तिने मालकाच्या मनात असे काही बसवले, की आज भूमिहीन शेतमजुराला किंवा नवशिक्या शेतकऱ्याला दोन एकर रीतसर लिहून मिळत नाहीत. मिळतात ते तोंडी, अर्धेलीने, शेजाऱ्याच्या साक्षीने आणि पुढच्या वर्षी मिळतीलच या खात्रीशिवाय. आणि ज्याला एका वर्षापुढे शेत दिसत नाही तो शेणखत टाकण्याचा, बांध घालण्याचा किंवा आंबा लावण्याचा विचार करीत नाही.

आता 'परवडणे' या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाकडे, म्हणजे जमिनीने स्वतःला फेडण्याकडे वळणे प्राप्त आहे. बंगळुरूच्या दृष्टिपथातील जमिनीचा भाव विचारला असता 'लाख' हा शब्द आता केवळ अपूर्णांक सांगण्यापुरता उरला असून मुख्य संख्या कोटीत बोलली जाते. हिशेबासाठी एकरी १ कोटी धरले, त्यात या भागाचे हक्काचे पीक जे नाचणी, कन्नडमध्ये रागी, ते घेतले, पावसाच्या भरवशावर एकरी १० क्विंटल असा मेहेरबान उतारा मानला आणि केंद्र सरकारचा २०२५-२६ चा ४,८८६ रुपये क्विंटल हा हमीभाव लावला, तर वर्षाचे उत्पन्न ४८,८६० रुपये होते. बी, खत, मजुरी, औत, रानडुक्कर आणि बँकेचे व्याज ही सर्व खाती शून्य धरली, तरी जमिनीची किंमत वसूल होण्यास सुमारे २०५ वर्षे लागतात. म्हणजे ज्याने पेशवाई बुडाल्याच्या सुमारास पहिली पेरणी केली असती, त्याची जमीन आत्ताआत्ता फिटली असती. नाचणीच्या उकडीचे जे गोळे येथे सारासोबत न चावता गिळतात, त्यांना कन्नडमध्ये मुद्दे म्हणतात. शेतीविषयक चर्चेतही मुद्दे पुष्कळ असतात, पण ताटातल्या मुद्द्याने कोटीची जमीन फेडायची कशी, या मुद्द्यापाशी सगळे गप्प होतात.

हा विरोधाभास का निर्माण होतो, हे समजण्यासाठी भाव कोण ठरवतो ते पाहावे लागते. जेथे मातीचा पोत, पाण्याची पातळी आणि बाजाराचे अंतर यांवरून भाव ठरतो तेथे शेतजमीन विकली जाते. बंगळुरूभोवती मात्र तो विमानतळ, मेट्रो आणि वर्षानुवर्षे कागदावरूनच फिरणारा बाह्य वळणरस्ता यांच्या अंतरावरून ठरतो, आणि म्हणून नावाने शेत असलेली वस्तू प्रत्यक्षात पंधरा वर्षांनंतरच्या वसाहतीचा कच्चा माल असते. येथे घराच्या भूखंडाला 'साइट' म्हणतात आणि तिचे प्रमाण माप ३० फूट बाय ४० फूट, म्हणजे १,२०० चौरस फूट असते. गुंठा हे माप महाराष्ट्राप्रमाणेच कर्नाटकातही चालते, एकराचे ४० गुंठे होतात आणि एक गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा असतो. गुंठा आणि साइट यांच्यात अवघा १११ चौरस फुटांचा फरक असल्याने, दलालाला एकर दिसताच त्यात चाळीस खांब रोवलेले दिसतात आणि भूशोधकाला चाळीस वाफे दिसतात, व दोघेही एकाच बांधावर उभे राहून एकमेकांच्या दूरदृष्टीचे कौतुक करतात.

कागदपत्रांच्या प्रांतात मराठी माणसाला मात्र माहेरी आल्याचा भास होतो, कारण आदिलशाही आणि मराठी दफ्तरांपासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवरील मोजणीपर्यंत अनेक वाटांनी आलेली महसुली परिभाषा येथे जशीच्या तशी नांदते आहे. सातबाराला येथे 'पहाणी' म्हणतात, पोटहिस्सा पाडण्याला 'पोडी' म्हणतात, 'आकारबंद' हा आकारबंदच असतो, आणि सरकारी मोजणीच्या संगणक प्रणालीचे नावच 'मोजिणी' आहे. पोटखराबा, म्हणजे गटातील लागवडीस निरुपयोगी भाग, हा 'खराबु' नावाने वावरतो आणि त्याचेही अ आणि ब असे वर्ग असतात. त्यांपैकी ब वर्गात ओढा, वाट इत्यादी सार्वजनिक वस्तू मोडत असल्याने तो विकता येत नाही, आणि ही गोष्ट विकताना क्वचितच सांगितली जाते. २००० साली सुरू झालेल्या 'भूमी' प्रकल्पात सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे २ कोटी उतारे संगणकावर आले, तेव्हा तलाठ्याच्या कपाटातील कागद एकदाचे बाहेर पडले. कागद बाहेर पडले तरी भाऊबंदकी संगणकात मावत नाही, हा अनुभव मात्र दोन्ही राज्यांत सारखाच आहे.

भाऊबंदकी समजून घेण्यास येथील 'बाय-टू कॉफी' हे उत्तम साधन आहे. एका कॉफीचे दोन पेल्यांत समान वाटप करून दोघांनी पिण्याची ही पद्धत बंगळुरूच्या खानावळींत सर्रास चालते आणि तिच्यात भांडण होत नाही, कारण कॉफी एकदाच वाटायची असते. शेत मात्र आजोबांपासून नातवांपर्यंत दर पिढीला पुन्हा बाय-टू होत जाते आणि सातबाऱ्यावर पेल्यांची नावे तेवढी वाढत राहतात. म्हणून खरेदीदाराचा वकील 'वंशवृक्ष' मागतो, म्हणजे विक्रेत्याच्या घराण्यातील जिवंत-मृत सर्वांचा तक्ता. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीआधीच, १९९४ मध्ये दिला. त्यामुळे ज्या आत्याबाईंना घरच्या लग्नाची पत्रिका टपालाने पाठवून भागवले होते, त्यांच्या दारी आता नारळ, साडी आणि खरेदीखत घेऊन सगळे पुतणे एकत्र जातात. आत्याबाई चष्मा लावून चतुःसीमा वाचतात, विहीर कोणाच्या वाट्याला दाखवली आहे असे विचारतात, आणि विचार करून सांगते म्हणतात. भूशोधकाची दोन वर्षे त्या विचारात जातात.

जमीन पाहण्यासाठी शहराबाहेरच्या रस्त्यांवरून जाताना एक वैशिष्ट्य कोणाच्याही नजरेत भरते. जगात अन्यत्र जी वस्तू विकायची असते तिच्यावर पाटी लावतात. बंगळुरूच्या वेशीवर जी वस्तू विकायची नसते तिच्यावर पाटी लावावी लागते. काटेरी तारेच्या कुंपणावर, घराच्या भिंतीवर, कधी नुसत्या दगडावर लाल रंगात 'ही मालमत्ता विकाऊ नाही' असे लिहिलेले असते, खाली न्यायालयातील दाव्याचा क्रमांक असतो, आणि मालकाच्या या निःसंदिग्ध नकाराखाली हटकून एका दलालाचा दूरध्वनी क्रमांक खडूने लिहिलेला असतो.

स्थळदर्शनाचा विधी ठरलेला आहे. महामार्गावरील बेकरीपाशी दलालाची पांढरी मोटार उभी असते. दिलपसंद आणि चहा झाल्यावर ती भूशोधकाच्या मोटारीपुढे चालू लागते, आणि 'पाचच मिनिटे' हे अंतराचे एकक प्रत्येक फाट्यावर नव्याने सुरू होते. शेतात पोचल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा निघतो. तेव्हा शेंडी असलेला नारळ तळहातावर आडवा धरून एक पाणाडी अनवाणी चालू लागतो, सर्वांनी श्वास रोखलेला असतो, आणि एका जागी नारळ हळूहळू उठून उभा राहतो. ती जागा बहुधा दलालाने मघाशी दाखवलेल्या कोपऱ्यापासून फारशी लांब नसते. शेजारच्या शेतकऱ्याला विचारले तर तो शांतपणे सांगतो, की पाणी आहे, फक्त हजार फुटांखाली आहे, आणि त्याच्या तीन कूपनलिकांपैकी ज्या दोन कोरड्या गेल्या त्यांच्यावरही नारळ असाच उभा राहिला होता. कोलार जिल्ह्यात जावे तर तेथील तलावांत २०१८ पासून बंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी भूजल वाढवण्यासाठी सोडले जाते. भूशोधक शहराला कंटाळून कोलारच्या एखाद्या बांधावर पोचतो, तेव्हा त्याच्या आंघोळीचे पाणी तेथे त्याच्या आधीच स्थायिक झालेले असते.

जवळचे सगळे पाहून झाल्यावर शोधाची त्रिज्या वाढते. होसूरकडे गेले की तमिळनाडू लागते आणि हिंदूपूरकडे गेले की आंध्र प्रदेश लागतो. भाव किंचित उतरतो, भाषा बदलते आणि गुंठ्यांची जागा 'सेंट' घेते. सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग, व अडीच सेंटांचा एक गुंठा होतो, हे गणित करता करता भूशोधकाची जी दमछाक होते तिच्यावर उतारा म्हणून 'व्यवस्थापित शेत' नावाचा पदार्थ बाजारात आला आहे. यात दहा गुंठ्यांचा, म्हणजे पाव एकराचा तुकडा घेणाऱ्याला मिळतो, चंदन आणि आंबा कंपनी लावते, पाणी कंपनी घालते, आणि झाडाचे छायाचित्र मोबाईलवर येते. मालकाने फक्त देखभालीचा आकार दरमहा भरायचा असतो. शेतीकडून पैसे न मिळता शेतीलाच पगार देणारा शेतकरी हा कृषिशास्त्राच्या इतिहासातील निखालस नवा वाण असून, त्याला अवर्षणाची बाधा होत नाही असे दिसते.

या सर्व खटाटोपात एका पक्षकाराचा विसर पडतो, तो म्हणजे गाय. कर्नाटकात गायरानाला 'गोमाळ' म्हणतात, आणि महसूल नियमांनुसार गावातील दर शंभर जनावरांमागे १२ हेक्टर जमीन मोफत चराईसाठी राखून ठेवायची असते. हेक्टरांचे गुंठे करून शंभराने भागले, तर एका गाईच्या वाट्याला सुमारे १२ गुंठे, म्हणजे १३ हजार चौरस फूट येतात. ज्या भूशोधकाला स्वतःच्या वाट्याला १,२०० चौरस फुटांचे घर वीस वर्षांच्या हप्त्यांवर आले आहे, तो गाय पाळण्याच्या गोष्टी करतो तेव्हा, कागदोपत्री तरी, ऐपतदार पक्ष गायीचा असतो. अर्थात गोमाळही शाळा, दवाखाना, वसाहत, अतिक्रमण अशा नाना कारणांनी आटत गेले आहे, आणि दलालांच्या यादीत ते कधीकधी 'मोकळी, सपाट, रस्त्यालगत' अशा शब्दांत पुन्हा अवतरते. तेव्हा त्या जमिनीचा खरा मालक चारा शोधत उकिरड्यावर गेलेला असतो.

ज्यांच्यापाशी खरोखर दोन-तीन एकर जमीन, द्राक्षे, तुती, भाजीपाला आणि दुभती जनावरे आहेत, म्हणजे भूशोधकाच्या स्वप्नात जे जे आहे ते सर्व आहे, ती माणसे, भूशोधकांची ही वणवण चालू असतानाच, वेगळ्या कामात गुंतली होती. विमानतळाजवळच्या देवनहळ्ळी तालुक्यातील १३ गावांत औद्योगिक वसाहतीसाठी १,७७७ एकर संपादन करण्याचा घाट घातला गेला, त्याविरुद्ध शेतकरी तीन वर्षांहून अधिक काळ धरणे धरून बसले, आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने ते संपादन सोडून दिल्याचे जाहीर केले. एकरी भाव त्यांनाही तोंडपाठ होता आणि दोनशे पाच वर्षांचा हिशेब त्यांनाही करता येत होता. पण त्यांनी जमिनीचा भाव न विचारता ती राहू द्या एवढेच मागितले, आणि ही मागणी कोणत्याच दलालाच्या वहीत बसणारी नसल्याने ती मान्य होण्यास हजाराहून अधिक दिवस लागले.

अशा स्थितीत अल्प खर्चाची, पीक आणि पशू यांची जोड असलेली छोटी शेती बंगळुरूत शिल्लकच नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो चुकीचा ठरेल. शहरातील बसवनगुडी हा भाग एके काळी भुईमुगाचे रान होता, पीक फस्त करणाऱ्या बैलाला शांत करण्यासाठी तेथे नंदीचे देऊळ झाले अशी आख्यायिका आहे, आणि अजूनही कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तेथे शेंगांची जत्रा भरते. आज त्या परिसरात जागेचा निर्वेध ताबा असलेले जनावर म्हणजे तेवढा एक दगडी नंदी आहे. परंतु शहराच्या कडेच्या कोणत्याही नव्या वसाहतीत, जेथे निम्म्या साइटी भाव चढण्याची वाट पाहत मोकळ्या पडल्या आहेत, तेथे सकाळी सहाला जाऊन पाहावे. एका तीस-चाळीसच्या तुकड्यावर निळ्या ताडपत्रीखाली दोन गाई बांधलेल्या असतात, एक मध्यमवयीन गृहस्थ चरवी घेऊन धार काढत असतो आणि शेजारच्या तुकड्यावर त्याची बायको पालेभाजीच्या वाफ्याला पाणी देत असते. हा शेणखताचा ढीग, ही नाचणीच्या पेंढ्याची गंजी, तो कुंपणावर चढवलेला पावट्याचा वेल आणि त्याखाली माती उकरणाऱ्या चार कोंबड्या, अशी भूशोधकाच्या मागणीपत्रातील जवळजवळ सर्व कलमे तेथे पूर्ण झालेली असतात.

त्या गृहस्थापाशी पहाणी नाही, पोडी नाही, वंशवृक्ष नाही आणि त्याने नारळही उभा केलेला नाही. साइटचा मालक पायाची आखणी करायला येईल त्या दिवशी गाई सोडून पुढच्या मोकळ्या साइटवर बांधायच्या, एवढा एकच करार त्याला पाठ आहे. दूध घ्यायला येणाऱ्यांच्या रांगेत चरवी घेऊन भूशोधकही उभा असतो. ज्या साइटवर गाई बांधल्या आहेत ती कदाचित त्याचीच असते. दोन एकरांसाठी पैसे लागतील तेव्हा ती विकायची, असे त्याने ठरवलेले असते.